गाडीच्या चामडी सीटला घरी रंग देताना

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या एका पोराने पुण्याहून जुनी मोटार आणली. बँकेचे कर्ज काढून आणली. कंधार ते नांदेड भाडे मारावे, दवाखान्याची माणसे न्यावीत, लग्नसराईत वऱ्हाड न्यावे, असा त्याचा हिशेब. शेत तीन एकर, वाटेकरी भाऊ दोन. गाडी चालली तरच हप्ता निघणार. इंजिन चांगले होते, टायरही बरे होते. पण आतल्या सीटा चामड्याच्या, आणि त्यांचा रंग पार उडालेला. काळ्याच्या राखाडी झालेल्या. ड्रायव्हर चढतो-उतरतो त्या कडेला तर आतले उघडे कातडे दिसत होते. पहिलेच गिऱ्हाईक पांढऱ्या कपड्यांतले निघाले. त्याने दार उघडून आत पाहिले आणि "दुसरी बघतो" म्हणून चालते झाले. नवी कव्हरे शिवून घ्यावीत म्हटले तर दोन हप्त्यांइतका आकडा निघाला. पोराची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "भावजी, तुम्ही पेपरात लिहिता. याला काही घरचा इलाज असेल तर सांगा की."

इलाज आहे, आणि तो तुम्हालाही सांगण्याजोगा आहे. शहरात वापरून झालेल्या गाड्या आता खेड्यापाड्यांत बऱ्याच येतात. त्यांतल्या काहींना चामड्याच्या सीटा असतात, आणि चामडे म्हणजे काय हे आपल्याकडची जुनी माणसे विसरत चालली आहेत. विहिरीवर मोट होती तोवर हे ज्ञान घरोघर होते. मोट वाळू द्यायची नाही, सारखी भिजतही ठेवायची नाही, तिला वेळेवर तेल पाजायचे, फाटली तर चर्मकाराकडे त्याच दिवशी न्यायची, हे पोरासोरांना ठाऊक असे. इंजिने आली, मोटा गेल्या, आणि ते शहाणपणही त्यांच्याबरोबर गेले.

सांगण्याआधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात घरची जुनी जीप सजवली. सीटा विटलेल्या दिसत होत्या. दाराखिडक्यांचा काळा ऑईलपेंट उरला होता, तोच मी उत्साहाने फासला. दोन दिवसांत वरवर वाळल्यासारखा वाटला. लग्न वैशाखातले. उन्हात जीप तापली, रंग चिकट झाला आणि व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर वीतभर काळा पट्टा उमटला. व्याही थोर मनाचे, काही बोलले नाहीत. विहीणबाई मात्र अजून आठवण काढतात.

त्या जीपच्या सीटा चामड्याच्या नव्हत्याच, रेक्झीनच्या होत्या. रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात एक तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. तो हळूहळू वर येतो आणि ऑईलपेंटला कधीच नीट वाळू देत नाही. चामड्यावर तोच ऑईलपेंट लावला तर उलटे होते. रंग दगडासारखा कडक बसतो, चामडे मात्र बसता-उठता वाकत राहते, आणि चार-सहा महिन्यांत उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात. म्हणून पहिले काम डबा उघडण्याचे नाही. आधी सीट कशाची आहे ते ओळखा.

ओळखायचे असे. सीटच्या खालच्या बाजूला किंवा मागे, जिथे आवरणाची कड आत मुडपलेली असते, तिथे बोट घालून उलटी बाजू पहा. लोकरीसारखी बारीक लव लागली तर चामडे. विणलेले कापड दिसले तर रेक्झीन. पुष्कळ गाड्यांत बसायचा भाग तेवढा चामड्याचा असतो, आणि बाजू व पाठ रेक्झीनची. तेव्हा एका जागी पाहून निकाल देऊ नका. काडी पेटवून वास घेण्याची परीक्षा काही लोक सांगतात, तिच्या वाटेला जाऊ नका. रेक्झीनसाठी त्याचा वेगळा रंग मिळतो. रेक्झीन कडक होऊन चिरले असेल तर मात्र त्याला ना तेलाने जीव येतो ना रंगाने. ट्रॅक्टरच्या सीटवर मेहनत घालू नये हे माझे स्पष्ट मत आहे. ऊन, पाऊस, चिखल सोसणारी ती सीट. सरळ नवे आवरण घालावे.

आता चामड्याकडे वळू. गाडीचे चामडे आपल्या कोल्हापुरी वहाणेसारखे नसते. वहाणेचे कातडे झाडांच्या साली, हिरडा यांनी कमावतात, तर मोटारीचे बहुधा क्रोम नावाच्या क्षाराने. त्यावर रंगाचा एक पातळ पापुद्रा चढवलेला असतो, केसाच्या जाडीहूनही पातळ. आपल्याला जो काळा वा बदामी रंग दिसतो तो या पापुद्र्याचा. काचेतून येणारे ऊन त्याला विटवते, घामातले मीठ आणि डोक्याचे तेल त्याला सैल करते, आणि कपड्यांच्या घासण्याने तो झिजतो. खालचे चामडे पुष्कळदा धडधाकटच असते. म्हणूनच हा इलाज चालतो. गेलेला पापुद्रा परत चढवायचा, इतकेच काम. पाण्याचा एक थेंब टाकून पहा. तो वर तसाच राहिला तर पापुद्रा शाबूत आहे; जिथे मुरला आणि डाग काळा पडला, तिथे तो गेला आहे.

नव्वद टक्के मेहनत रंगाच्या आधीची आहे, असे म्हटले तरी चालेल. त्या पोराला मी पहिल्या दिवशी रंग आणूच दिला नाही. आधी धुवायला लावले. कोमट पाणी, सौम्य पातळ साबण, नखे घासायचा मऊ ब्रश. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा नको, कारण चामड्याची प्रकृती किंचित आंबट असते आणि खाराने ते कोरडे पडते. पाणी ओतायचे नाही. साबणाचा फेस तेवढा ब्रशावर घ्यायचा, हातभर जागा घासायची, लगेच ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसायची, मग पुढची हातभर. सीटच्या पोटात अलीकडच्या गाड्यांत तारा असतात, त्यांना पाणी लागू देऊ नये. पोराची आई मदतीला बसली होती. डोके टेकायच्या उशीवरून फडके फिरवले तर ते काळेकुट्ट निघाले. बाई म्हणाल्या, "पुण्याच्या माणसाचं अर्धं तेल इथंच राहिलं म्हणायचं." खरेच होते. मागची सीट तर नुसत्या धुण्याने इतकी उजळली की तिला रंगाची गरजच उरली नाही. निम्मा खर्च तिथेच वाचला. तुम्हीही आधी धुवून पहा, आणि दार उघडे ठेवून एक दिवस सावलीत वाळू द्या.

तेल मात्र साबणाने पुरते जात नाही, आणि तेलावर रंग धरत नाही. औषधांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ते आणि पाणी निम्मे निम्मे करून फडक्याला लावायचे आणि रंगवायची जागा हलकेच पुसायची. फडके ओलसर असावे, निथळते नसावे. हे काम चारी दारे उघडी ठेवून, अंगणात करायचे. जवळ विडी, चूल, उदबत्ती काही नको, लेकरे लांब ठेवा. आणि मेहेरबानी करून पेट्रोल, रॉकेल वा थिनर वापरू नका. गॅरेजात पेट्रोलने पुसतात म्हणून आपणही पुसावे असे नाही. बंद गाडीत पेट्रोलची वाफ साचली तर एक ठिणगी पुरते. शिवाय थिनर चांगला राहिलेला पापुद्राही सोलून काढतो.

मग खरखरीत झालेल्या जागेवर ६०० नंबरचा बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. उद्देश जागा गुळगुळीत करण्याचा आहे, सोलण्याचा नाही. भेगा असतील तर चामड्यासाठी मिळणारे मऊ राहणारे भरण पातळ थरांत भरा. एकदम जाड थापले तर ते आक्रसते आणि खड्डा तसाच राहतो. आरपार फाटले असेल तर खालून कापडाची चकती सरकवून लवचीक डिंकाने चिकटवता येते. शिवण उसवली असेल तर मात्र स्वतः दाभण घेऊन बसू नका. गावातल्या चर्मकाराला बोलवा. त्याचा टाका आपल्या टाक्याहून शंभर पट बरा. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सीटच्या बाजूला एअरबॅग असे लिहिलेली छोटी चिठ्ठी असेल, तर त्या बाजूची शिवण कधीही पक्की करू नये, चिकटवू नये. अपघातात ती शिवण उसवूनच आतली पिशवी फुगायची असते. तिथले काम कंपनीच्या माहीतगाराचे आहे.

रंग घ्यायचा तो चामड्याच्या सीटांसाठी म्हणून विकला जाणारा, पाण्यात मिसळणारा. बुटाचे पॉलिश नको. ते मुरत नाही आणि धोतर-साड्यांना लागत राहते. केसांचा कलप लावणाराही एक मला भेटला आहे, त्याच्याविषयी काही लिहीत नाही. तालुक्याला रंग मिळाला नाही तर नांदेडला किंवा लातूरला मोटारींच्या सामानाच्या दुकानी मिळेल, नाही तर हैदराबादहून मागवता येतो. पुढच्या दोन सीटांना पाव लिटर पुरून उरतो. काळा सोपा. बदामी, तांबूस, राखाडी असेल तर जुळवायला धीर लागतो. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून सीटच्या खाली न दिसणाऱ्या जागी ठिपका देऊन, वाळवून, उजेडात पाहून मगच पुढे जा. आमच्या लाल कंधारी गाईचा गडद तांबडा रंग सांगा, म्हणजे कंधारचा माणूस डोळे मिटून ओळखेल. पण तोच डब्यातून काढायचा म्हटले तर चार वेळा चुकेल.

लावायला स्पंजचा तुकडा घ्या. कुंचल्याने रेघा उठतात. पट्टे, बटणे, प्लॅस्टिकचे भाग चिकटपट्टीने झाकून घ्या. सीटच्या पट्ट्याला रंग वा अल्कोहोल लागू देऊ नये, त्याचे सूत कमजोर होऊ शकते. स्पंजावर थोडासाच रंग घ्यायचा आणि टिपत टिपत लावायचा. पहिला हात असा दिसेल की तुमचा धीर सुटेल. ठिपके ठिपके, मधून जुना रंग डोकावतोय, सगळे विद्रूप. त्या पोराने मला दुपारी बोलावून घेतले, चेहरा उतरलेला. मी म्हटले, "आता हात लावू नको. अर्धा तास थांब." दुसऱ्या हाताला बरे दिसू लागते, तिसऱ्या-चौथ्याला रंग एकसारखा होतो. दर हाताच्या मध्ये वीस-तीस मिनिटे वाळू द्यायचे. चार पातळ हात दिलेला रंग वाकतो. एक जाड हात दिलेला सालपटासारखा निघतो. शिवणीच्या खाचा आणि घड्या यांत रंग साचू देऊ नका. शेवटी त्याच कंपनीचे बिनरंगी संरक्षक लेपण, तेही दोन पातळ हात. हे लेपण टाळून पैसे वाचवू नका. रंग कपड्यांना लागू न देण्याचे काम तेच करते. चकचकीत घेण्यापेक्षा मंद घ्यावे. चकचकीत सीट रेक्झीनसारखी दिसते.

हंगाम पाहून काम काढावे. वैशाखात आपल्याकडे रंग स्पंजावरच वाळतो. मृगानंतर हवा दमट, तो वाळता वाळत नाही. दिवाळी ते शिवरात्र हे दिवस उत्तम, आणि तेही वाऱ्याची धूळ नसलेल्या सकाळी. खळे चालू असेल त्या बाजूला गाडी लावून रंगवू नका. सोयाबीनचा भुसा रंगात बसला की पुन्हा पॉलिश पेपर. काम झाल्यावर एक दिवस सीटवर कोणी बसू नये, आठवडाभर ओले फडके लावू नये. गिऱ्हाईक दारात उभे असले तरीही.

त्या पोराला तीन दिवस गाडी उभी ठेवावी लागली, ते त्याला जड गेले. चौथ्या दिवशी मी पांढरा हातरुमाल घेऊन गेलो, सीटवर दाबून दाबून घासला. रुमाल पांढराच राहिला. ड्रायव्हरच्या कडेला जवळून पाहिले तर दुरुस्ती कळते, ती कळणारच. पुढच्या आठवड्यात त्याने मुखेडला एक वऱ्हाड नेले. उतरताना एका आजोबांनी सवयीने मागे वळून धोतर झटकले, असे तो सांगत होता. झटकण्यासारखे काही नव्हते.

सीट तापू नये म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावावी, नाही तर पुढच्या काचेला आतून पुठ्ठा लावून ठेवावा. जुने सुती लुगडे अंथरले तरी पुष्कळ ऊन अडते. मात्र बाजूच्या एअरबॅगवर काही आवळून बांधू नये. महिन्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसा, आणि वर्षातून तीन-चारदा चामड्याचे मलम लावा. खोबरेल चोळू नका, त्याने धूळ धरते आणि पुढे वास येतो. उरलेला रंग काचेच्या छोट्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, घरात गार जागी ठेवा आणि बाटलीवर काय आहे ते लिहून ठेवा. आमच्याकडे ती बाटली देवळीत काजळाच्या डबीशेजारी ठेवलेली पाहिली, आणि लगेच माळ्यावर चढवली.