जत्रा चार महिन्यांची, पोट बारा महिन्यांचे

जत्रा उठली की पाळणेवाला आपले खांब उतरवितो, दोरखंड गुंडाळतो आणि पुढच्या गावची वाट धरतो. एका देवस्थानची यात्रा संपली तर दुसऱ्या देवस्थानची सुरू होते. हंगाम त्याच्याकडे येत नाही, तोच हंगामाच्या मागे फिरतो. परंतु ज्याने शे-दोनशे एकर भूमीत पोलादाचे रूळ रोवले, तळी खणली, किल्ले उभारले आणि प्रवेशद्वारावर तिकिटाची खिडकी बसविली, त्या करमणूक-उद्यानाच्या धन्याने कोठे जावे? त्याचा पाळणा उचलता येत नाही. वर्षातील चार-पाच महिने गर्दी आणि उरलेल्या महिन्यांत दारावर कुलूप, ही त्याची स्थिती. अशा हंगामी उद्यानाने वाढावे कसे आणि बारमाही व्हावे कसे, हा प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. कारण उद्यानाच्या दाराला कुलूप लागते तेव्हा ते केवळ झोक्यांना लागत नाही; ते शेकडो घरांच्या चुलींनाही लागते.

प्रथम साधा हिशेब पाहू. अशा उद्यानाचा बहुतेक खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसतो. कर्जाचे व्याज जानेवारीतही चढते. विम्याचा हप्ता, जमिनीचा कर, पहारेकरी, जाणकार यंत्रज्ञ यांना सुटी देता येत नाही. म्हणजे बारा महिन्यांचा खर्च चार महिन्यांच्या मिळकतीतून भागवावयाचा. त्या चार महिन्यांत तीन आठवडे पावसाने गाठले तर वर्ष बुडाले! उलट पक्षी, एक जादा दिवस दार उघडावयाचे तर त्या दिवसाचे वेतन, वीज आणि सामान एवढाच नवा खर्च पडतो. तेवढा भरून निघून चार पैसे उरले तरी ते व्याजाच्या तोंडात घालता येतात. बारमाही होण्याचा मोह येथून उत्पन्न होतो, आणि तो अकारण नाही.

पण या हिशेबात एक स्तंभ बहुधा रिकामा राहतो. तो मजुराचा. अमेरिकेतील हंगामी उद्याने सुटीतल्या विद्यार्थ्यांच्या आणि अल्पकाळ राबणाऱ्या हातांच्या बळावर चालतात. त्या देशाच्या १९३८ सालच्या श्रममान कायद्यात अशा उद्यानांना एक सवलत आहे. जे उद्यान वर्षात सात महिन्यांहून अधिक चालत नाही, त्याच्या कामगारांना संघराज्याच्या किमान वेतनाचे व जादा कामाच्या वाढीव मोबदल्याचे नियम लागू होत नाहीत. मिळकतीच्या प्रमाणाची दुसरीही एक कसोटी तेथे आहे, आणि निरनिराळ्या राज्यांचे कायदे याहून कनवाळू असू शकतात; परंतु तत्त्व स्पष्ट आहे. काम हंगामी, म्हणून हक्कही हंगामी! जणू सात महिने राबणाऱ्याला आठव्या महिन्यात भूकच लागत नाही. उद्यान बारमाही झाले म्हणजे ही सवलत टिकवणे अवघड होते. मालकाच्या लेखी हा तोटा असेल. आमच्या लेखी बारमाही होण्याच्या बाजूचे हेच सर्वांत बळकट प्रमाण आहे.

आता हे साधावयाचे कसे? याचे उत्तर पुस्तकी योजनांत शोधण्यापेक्षा ज्यांनी ते करून दाखविले त्यांच्याकडे पाहावे. हॉलंडच्या दक्षिणेस ब्राबांट प्रांतात काट्सह्यूव्हेल नावाचे लहानसे गाव आहे. हा मुलूख चर्मकारांचा, जोडे शिवणाऱ्यांचा. तेथे १९३० नंतरच्या दशकात गावच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने मुलांसाठी खेळाचे व फिरण्याचे मैदान झाले. १९५० साली नगराध्यक्ष व्हान दर हाइडन, कल्पक तंत्रज्ञ पेटर रेइन्डर्स प्रभृतींनी एक न्यास स्थापिला, आणि ३१ मे १९५२ रोजी चित्रकार अँटोन पीक यांच्या रेखाटनांवरून उभारलेले परीकथांचे वन लोकांस खुले झाले. तेच आजचे ‘एफ्टलिंग’. प्रारंभी दहा कथा, झाडी, वाटा आणि एक तळे, एवढेच भांडवल. पीक यांचा आग्रह असा की पुठ्ठ्याचा देखावा नको, भिंत खऱ्या विटेची आणि छप्पर खऱ्या कौलांचे हवे. त्या आग्रहाचे व्यावहारिक फळ पुढे मिळाले. पुठ्ठ्याचा राजवाडा पहिल्या पावसात लोळतो. विटेचा राजवाडा हिवाळ्यातही उभा राहतो.

त्या उद्यानाची वाढ कोणत्या क्रमाने झाली हे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. १९७८ साली भुताटकीचा वाडा, १९८१ साली पोलादी रुळांवरचा ‘पायथन’, १९८६ साली ‘फाटा मोर्गाना’ हा पौर्वात्य नगरीचा छपराखालील जलप्रवास, १९९३ साली ‘ड्रोमव्लुख्त’ ही स्वप्नयात्रा. यांतील बऱ्याच गोष्टी छताखालच्या आहेत, हे ध्यानात यावे. थंडी-पावसाचा देश, तेव्हा आकाशाचा भरवसा नसेल तेथे छप्पर बांधले. १९९२ साली पहिले हॉटेल झाले. ज्याला रात्री राहावयास जागा आहे तो दूरचा पाहुणा पावसाच्या भीतीने बेत मोडीत नाही. इतकी सिद्धता झाल्यावर १९९९ साली हिवाळ्यात काही काळ दार उघडण्याचा प्रयोग झाला. शेकोट्या, दिवे, बर्फावरची घसरण आणि छपराखालच्या करमणुकी. उघड्यावरचे पाण्याचे खेळ तेवढे बंद. लोक आले. तरीही संचालकांनी घाई केली नाही. सुमारे दहा वर्षे हिवाळ्याचा अनुभव घेऊन, २००९ च्या अखेरीस अरण्यातील वसतिगृहांची वाडी उघडून, मग २०१० पासून एफ्टलिंग बारमाही झाले. आज तेथे वर्षाकाठी पन्नास लाखांहून अधिक लोक येतात, आणि २०२५ साली उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी आणखी एक मोठे हॉटेल उभे राहिले.

अठ्ठावन्न वर्षे! बियाणे पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आणि या धीराचे एक रहस्यही सांगितले पाहिजे. एफ्टलिंग चालविणाऱ्या कंपनीचे सर्व भाग आजही त्या न्यासाच्याच हाती आहेत. नफा भागीदारांच्या खिशात वाटला जात नाही. तो उद्यानात परत जातो. ज्याला दर तिमाहीस भागधारकांपुढे आकडे नाचवावे लागत नाहीत, तोच दहा हिवाळे थांबू शकतो.

कोपनहेगनच्या टिव्होलीने दुसरी वाट धरली. १८४३ साली उघडलेले हे उद्यान दीडशे वर्षे मुख्यतः उन्हाळ्याचे होते. राजधानीच्या ऐन मध्यभागी वसलेले. तेथे वाढावयास जमीन नाही. तेव्हा त्याने भूमी वाढविली नाही, पंचांग वाढविले. १९९४ साली नाताळचा बाजार, २००६ साली शरदातील भुतांचा सण, २०१८ साली भर थंडीचा हंगाम. प्रत्येक हंगामानंतर काही दिवस दार बंद, आणि आतला सगळा साज बदललेला. ज्याने उन्हाळ्यात फुले पाहिली त्याला डिसेंबरात दिवे पाहण्यासाठी पुन्हा यावेसे वाटते. यातील मर्म असे की बारमाही उद्यान म्हणजे एकच उन्हाळा बारा महिने ताणणे नव्हे. प्रत्येक ऋतूला त्याचे असे काही कारण द्यावे लागते. कारणावाचून पाहुणा येत नाही.

आणि यंत्राचे काय? यंत्र बोलत नाही म्हणून त्याचा विसर पडतो. हंगामी उद्यानात बंद काळ हा आळसाचा काळ नसतो. त्या महिन्यांत गाड्या सुट्या करतात, आस आणि सांधे तपासून डोळ्यांस न दिसणारी चीर शोधतात, चाके बदलतात. कडक थंडीत वंगण दाटते, चाकांवरचे आवरण कठीण होते. म्हणून अमुक अंशांखाली पारा गेला की गाडी सोडावयाची नाही, असे दंडक असतात. बारमाही होणाऱ्याने ही तपासणी रात्रीवर ढकलून भागत नाही. एकेक खेळ पाळीपाळीने बंद ठेवून, तसे आगाऊ जाहीर करून, दुरुस्ती करावी लागते. तिकिटाच्या लोभाने ही पाळी चुकविणारा मालक लोकांच्या लेकरांशी जुगार खेळतो, असेच म्हटले पाहिजे.

घरचा दाखलाही दृष्टीआड करू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीनजीक २०१३ साली ‘इमॅजिका’ उभे राहिले. ते प्रारंभापासून बारमाही. पाठोपाठ जलक्रीडेचे उद्यान आले, हॉटेल आले, कृत्रिम बर्फाचे दालनही आले. एफ्टलिंगने चाळीस-पन्नास वर्षांत जोडले ते येथे दोन-चार वर्षांत जोडले गेले, आणि बव्हंशी कर्जावर. २०१५ साली भागविक्री झाली. तरी कर्जाचे ओझे उतरेना. २०२० च्या महामारीने दार मिटविले, आणि २०२२ साली कर्जाची पुनर्रचना होऊन सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. झोके चांगले नव्हते असे कोणी म्हणणार नाही. घाटाखालच्या धुवाधार पावसाची त्या भूमीला ओळख नव्हती असेही नाही. परंतु दार बारा महिने उघडे ठेवले म्हणजे पाहुणा बारा महिने येतो असे नव्हे. व्याज मात्र बारा महिने येते.

आपल्याकडील मंदीचा ऋतू बर्फाचा नाही, तो पावसाचा आणि परीक्षांचा आहे. येथे शेकोटीचे अनुकरण करून काय साधणार? येथे हवे आहे पावसातही मूल कोरडे राहील असे छप्पर, श्रावणातल्या सुट्यांस साजेसा कार्यक्रम, हिवाळ्यात शाळांच्या सहलींस परवडेल असा दर, आणि गणपती-दिवाळीस स्वतःचा साज. परदेशाकडून घ्यावयाची ती पद्धत. ऋतू आपलाच असला पाहिजे.

तेव्हा ज्यांना आपले हंगामी उद्यान बारमाही करावयाचे आहे त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. आधी हंगामाची दोन्ही टोके एकेका आठवड्याने लांबवा. मग एक सण धरा आणि तो दरसाल नेमाने साजरा करा. मिळेल त्या नफ्यातून छप्पर बांधा. छपरानंतर राहण्याची जागा. भवतालच्या गावाचे पाणी आणि रस्ते आपल्या गर्दीने आटवू नका. यंत्राला विश्रांतीचा दिवस द्या. आणि बारमाही झाल्याचा नगारा वाजविण्यापूर्वी झोक्याचा दांडा धरणाऱ्या त्या तरुणाला बारमाही नेमणुकीचा कागद द्या.

शासनासही एक प्रश्न आहे. अशा उद्यानांस जमीन, रस्ता आणि करमाफी देताना किती लोक पाहावयास येतील याचे आकडे मागितले जातात. वर्षाचे बारा महिने किती लोकांना वेतन मिळेल, हा आकडाही त्याच कागदावर का मागू नये? करमाफी जर लोकांच्या तिजोरीतून जाते, तर तिचा परतावाही लोकांच्या चुलीपर्यंत पोहोचला पाहिजे. जत्रा हंगामी असली तरी चालेल. भाकरी हंगामी असून चालणार नाही.