वजनकाटा अर्धंच सांगतो!

होस्टेलवर तब्येतीचा विषय निघाला की दोनच पार्ट्या पडतात, 'जाड्या' आणि 'काडी'. जाड्याला येणारा-जाणारा सल्ले देतो. काडी मात्र मेसमध्ये तिसऱ्यांदा भात घेऊन "आपल्याला काय धाड भरलीय?" म्हणत बिनधास्त! माझं म्हणणं या काडी पार्टीसाठी आहे. मी त्यातलाच. उंची १७० सें.मी., वजन ५९ किलो, बीएमआय २०.४. हेल्थ कॅम्पच्या कार्डावर 'नॉर्मल' लिहून मिळालं. पण माझे वडीलही आयुष्यभर असेच शिडशिडीत, आणि त्यांना चाळिशीतच शुगर निघाली.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, बस्स. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ क्वेटले यांच्या १८३०च्या दशकातल्या कामातून आलं. ते समूहाचा अभ्यास करत होते, एकेकाची तब्येत तपासत नव्हते. आपल्या भाषेत सांगायचं तर एकूण लोड कळतो, डिस्ट्रिब्युशन कळत नाही. तालमीतला १७० सें.मी., ९० किलोचा पैलवान या हिशेबाने ३१, म्हणजे चक्क लठ्ठ! (मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर गोष्ट वेगळी.)

उलटं उदाहरण पुण्याचं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! २००४ साली दोघांचा फोटो या आकड्यांसह 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधली ३.५. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे ही गोष्ट मेसच्या आधीपासूनची आहे! म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २५ऐवजी २३पासूनच जास्त धरतात, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सें.मी., बायकांना ८०.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये मधुमेहाच्या धोक्याचा एक सोपा स्कोअर काढला. १००पैकी गुण, विषय चार : वय, कंबर, व्यायाम आणि आई-वडिलांचा मधुमेह. वजनाला एकही मार्क नाही! माझंच घ्या. व्यायाम शून्य आणि दिवसभर बैठक, ३०. वडिलांना शुगर, १०. झाले ४०, म्हणजे मध्यम धोका. पस्तिशी लागली की वयाचे २० वाढणार आणि ६०ला 'जास्त धोका' सुरू होतो. पोट एक इंचही न सुटता! यातले बदलता येतील असे गुण फक्त व्यायामाचे, तेव्हा सबमिशन असो वा नसो, रंकाळ्याला फेरी सुरू केलीय. बीपी आणि माव्याची पुडी या स्कोअरमध्ये नाहीतच, त्यांचा हिशेब हृदय आणि तोंड वेगळा मागतं.

रेक्टर सरांना एक विनंती. पुढच्या कॅम्पच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा : कंबर, आणि आई-वडिलांचे आजार. शिंप्याची साधी टेप पुरेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. पँटचा नंबर मात्र कुणी सांगू नये. पँट आपण पोटाच्या खाली घालतो.