दंड सर्वांना, बचाव थोड्यांना

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरच्या रस्त्यावर एका भरधाव मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. काही तासांतच त्याला जामीन मिळाला, आणि रस्ते-अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, ही जामिनाची एक अट होती. त्या निबंधाची सबंध महाराष्ट्रात यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. परंतु त्या गदारोळात अधिक गंभीर गोष्ट मागे पडली, असे आम्हांस वाटते. सरकारी रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून दुसऱ्याच व्यक्तीचे रक्त तपासणीस पाठविण्यात आले, असा आरोप पोलिसांनी ठेवला व डॉक्टरांना अटक केली. या आरोपाचा निवाडा न्यायालयानेच करावयाचा. पण मद्यपी चालकाविरुद्धचा खटला एका लहानशा बाटलीवर उभा असतो, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांना दिसली. ज्यांना ती आधीपासून ठाऊक असते आणि ज्यांच्यापाशी पैसा असतो, त्यांचा बचाव त्या बाटलीपासूनच सुरू होतो. ज्यांना ती ठाऊक नसते, त्यांचे काय होते, याची चर्चा मात्र कोणी केली नाही.

ही चर्चा आपण केली पाहिजे. ट्रक, टेम्पो, रिक्षा चालविणाऱ्यांत आणि एस. टी. कामगारांत आपले अनेक साथी वर्षानुवर्षे काम करीत आले आहेत. आणि मोटारीखाली सापडून जे मरतात, ते बहुधा पायी चालणारे, सायकलवाले, पदपथावर झोपणारे असतात. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे उभी आहेत.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यानंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड फार तर २,००० रुपये होता. ही वाढ वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. पण त्याच दुरुस्तीतील दुसऱ्या बदलाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला, तरच वाढीव शिक्षा होत असे. ती तीन वर्षांची मर्यादाच आता काढून टाकण्यात आली आहे. आज ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळा झालेला चालक पंधरा वर्षांनी पुन्हा सापडला, तरी तो दुसऱ्यांदा गुन्हा करणाराच ठरतो.

जागेवर दंड भरून हे प्रकरण मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे जावेच लागते. शिवाय परवान्याचा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते-सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना असे निर्देश दिले, की अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. ज्याच्या दारात मोटार आहे आणि पगारी चालकही आहे, त्याला हे तीन महिने जाणवतही नाहीत. रिक्षावाल्याच्या घरातली मात्र चूल थंडावते. दहा हजारांचा आकडा दोघांना सारखाच लागू होतो, ही समता आम्हांला मान्य होण्यासारखी नाही.

आता बचावाकडे वळू. बचाव म्हटला की आपल्यातील कित्येकांना तो गुन्हेगाराच्या वकिलाने काढलेला पळवाटांचा धंदा वाटतो. ही समजूत चुकीची आहे. कायद्याने आरोपीला दिलेली प्रत्येक सवलत पोलिसांच्या मनमानीला घातलेला लगाम असते, आणि त्या मनमानीचा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही. कलम २०२ सांगते, की या गुन्ह्यासाठी अटक केलेल्या इसमाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्याला सोडून दिले पाहिजे. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. उपकरणाची तपासणी वेळच्या वेळी झाली होती काय, रक्त कोणी काढले, बाटली कोणाच्या देखत सीलबंद झाली, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कोठे होती, मुख्य म्हणजे आरोपी खरोखर गाडी चालवीत होता की उभ्या गाडीत झोपला होता, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक आरोपीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली महाराष्ट्रातीलच एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केले, की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेली बुबुळे एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता, असे ठरविता येत नाही; त्यासाठी रक्ताची किंवा मूत्राची तपासणी हवी. अर्थात याचा अर्थ तपासणीस नकार द्यावा, असा कोणी घेऊ नये. विनाकारण दिलेला नकार कलम २०५ अन्वये आरोपीच्याच विरुद्ध जातो. गल्लीतला एखादा ‘जाणकार’ नेमका उलटा सल्ला देत असतो, म्हणून हे येथे सांगणे भाग आहे.

या प्रश्नांचे मोल किती असते, हे वांद्र्याच्या दोन खटल्यांनी दाखविले आहे. पहिला २००२ सालचा. बेकरीसमोर पदपथावर झोपलेल्यांच्या अंगावर गाडी गेली, एक मरण पावला, चार जखमी झाले. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये एका प्रसिद्ध चित्रपट-अभिनेत्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तो गाडी चालवीत होता आणि मद्याच्या अमलाखाली होता, हे दोन्ही संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. या निकालाबद्दल आम्ही वाद घालीत नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. एका आरोपीच्या बाबतीत पुराव्याचा एकेक धागा तेरा वर्षे उसवून पाहिला जातो आणि दुसऱ्याचा खटला एका दुपारी तीन मिनिटांत आटोपतो, ही तफावत कोणत्या न्यायात बसते?

दुसरा खटला १२ नोव्हेंबर २००६ चा, कार्टर रोडचा. रस्त्याच्या कामावरील मजूर आपल्या झोपड्यांसमोर पदपथावर झोपले होते. मोटारीने सात जणांना चिरडले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला, म्हणजे आजच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने हे निष्काळजीपणाचे कृत्य मानले आणि सहा महिन्यांची कैद व पाच लाख रुपये दंड केला. सात मजुरांचे मरण सहा महिन्यांत बसविलेले पाहून लोक अस्वस्थ झाले. उच्च न्यायालयाने २००७ सालीच हा सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ही शिक्षा अपुरी आहे, परंतु ती वाढवावी म्हणून राज्य सरकारने अपीलच केलेले नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. सरकार कोणत्या पक्षाचे होते, हा प्रश्न येथे गौण आहे. मेलेले मजूर कोणाचे मतदार नव्हते, हे कारण अधिक खरे असावे.

आता त्या तीन मिनिटांच्या खटल्याविषयी. नाक्यावर पकडलेला टेम्पोचालक न्यायालयात येतो, तेव्हा एका दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते. बाकावर शेजारी बसलेला सांगतो, ‘कबूल कर आणि सुट.’ तो कबूल करतो. उपकरणाचा कागद त्याने पाहिलेला नसतो, डॉक्टरकडे कधी नेले हे कोणी त्याला विचारीत नाही, आणि आपल्याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे त्याच्या गावीही नसते. वस्तुतः विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी-साहाय्यास पात्र असलेल्यांची यादी आहे. तीत अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला इसम आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेला कोणीही येतो. घटनेत अनुच्छेद ३९-अ १९७६ पासून आहे. तरतूद आहे, ती मागणारा माणूस तेवढा नाही.

येथे एक गोष्ट स्वकीयांना सुनावणे आवश्यक वाटते. ‘गरीब आहे बिचारा, दिवसभर राबतो, थोडी घेतली तर काय झाले,’ असे म्हणून पोलिस ठाण्यात फोन लावणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. साहेबांना सांगून कोणाला तरी सोडवून आणले, की वस्तीत वजन वाढते. हे काम आपले नव्हे. फोनने सुटणारा गरीब आणि फोनने सुटणारा श्रीमंत यांत फोनच्या दर्जाचाच काय तो फरक असतो. ज्या चालकाला आज कोणी सोडवून आणले, त्याच्या चाकाखाली उद्या येणारा माणूस बहुधा त्याच वस्तीतला असेल. चालकाला वकील मिळवून द्यावा, जामीनदार उभा करावा, तारखेला सोबत जावे; पण रक्ताचा अहवाल खरा असेल तर त्याची शिक्षा त्याने भोगली पाहिजे.

शिक्षेची लांबी वाढवीत जाणे हा मात्र उपाय नव्हे. भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची कैद दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद देणारे पोटकलमही तिने आणले. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक संपावर गेले, आणि संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. चालक का चिडले, हे दिल्लीत बसून कळणे कठीण. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ पासून २०२५ पर्यंत आठ तासांचा दिवस सांगत होता. मालक तो कधी पाळीत नाहीत आणि त्याबद्दल मालकाला श्वासपरीक्षण नसते. झोप मारण्यासाठी काही घेणारा आणि झोप यावी म्हणून दारू घेणारा चालक एकच असतो, ही गोष्ट हमरस्त्यावरच्या कोणत्याही ढाब्यावर समजते.

आणि सरकार? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हमरस्त्यांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा आदेश दिला, तेव्हा काही ठिकाणी दुकान हलविण्याऐवजी रस्त्याचाच दर्जा बदलण्यात आला. शहरातून जाणाऱ्या रस्त्यांना ‘हमरस्ता’ म्हणणेच बंद करण्याची ती युक्ती २०१७ मध्ये न्यायालयानेही चालू दिली. महसूल वाढवावयाचा झाला, की महाराष्ट्र सरकारला जून २०२५ प्रमाणे मद्यावरील शुल्क आठवते. विकणारा अधिकृत, पिणारा ग्राहक, आणि गुन्हा तेवढा नाक्यावर उपजतो.

आपल्या शाखांनी व युनियनांनी निदान दोन कामे तत्काळ हाती घ्यावीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीचा पत्ता आणि वर सांगितलेली दोन तासांची तरतूद मराठीत छापून प्रत्येक ट्रक-तळावर व रिक्षा-थांब्यावर लावावी. दुसरे काम मृतांच्या घरचे. फौजदारी खटल्याचा निकाल काहीही लागो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे नुकसानभरपाई मागता येते. चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागण्याची तरतूद एप्रिल २०२२ पासून अमलात आहे. नव्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण त्याच्या निकालाची वाट पाहत कोणी थांबू नये. पदपथावर मेलेल्या मजुराचे कुटुंब बहुधा तेराव्यानंतर गावी निघून जाते आणि पुन्हा सापडत नाही. त्यांचा गावचा पत्ता आणि पंचनाम्याची प्रत गाडी सुटण्यापूर्वी कोणीतरी घेऊन ठेवली पाहिजे.