शनवार तेल्यांची मुंबई

महानगरात धर्म आणि जात विरघळून जातात, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांत फार दिवस रूढ आहे. गावचा देव गावीच राहतो आणि शहरात उरतो तो केवळ पगारदार, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. अनुभव मात्र पुष्कळदा याच्या उलट असतो. अमेरिकेत १८३० साली न्यूयॉर्क राज्यात उदयास आलेला मॉर्मन पंथ शेजाऱ्यांच्या छळाला कंटाळून १८४७ मध्ये युटाच्या दूरस्थ खोऱ्यात गेला. पण पुढे त्याचे अनुयायी पोटापाण्यासाठी मोठ्या शहरांत शिरले आणि तेथे त्यांच्या वस्त्या वाढल्या. उत्पन्नाचा दशांश पंथाच्या निधीत द्यावयाचा आणि अडल्यानडल्या कुटुंबाला पंथाने हात द्यावयाचा, ही त्यांची रीत शहरातही टिकली. किंबहुना अनोळखी शहरातच तिचे मोल अधिक जाणवले.

परंतु या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. मुंबईतील बेने इस्रायल समाजाचा इतिहास हे त्याचे अस्सल मराठी उदाहरण आहे. या लोकांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले व त्यांतील सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेचा काळ अनिश्चित आहे. पण कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत, हे सर्वज्ञात आहे. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. आडनावांनी त्यांची गावे जपली. बोली मराठी, पेहराव मराठी आणि उपासना मात्र निराळी, असा हा समाज अठराव्या शतकात मुंबईकडे वळला.

त्याला मुंबईत नेले ते धर्माने नव्हे, रोजगाराने. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी, गोदी, बांधकामे आणि पुढे रेल्वे यांना विश्वासू माणसे हवी होती. घाण्यावर कुटुंबे पोसणे अवघड होत होते. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून परत आले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. समाजाने आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत 'मशीद' म्हणावे आणि या वास्तूला 'जुनी मशीद' असे नाव पडावे, यात कोणालाच वावगे वाटले नाही. पोटाची सोय आधी आणि देवाचे घर मागाहून, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. देऊळ समाजाला एकत्र ठेवते हे खरे. पण देवळासाठी वर्गणी देऊ शकतील इतके पगारदार आधी शहरात स्थिरावावे लागतात.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही स्थलांतरित समाजाची आहे. बेने इस्रायलांचे वेगळेपण यापुढे सुरू होते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी शाळा काढल्या, हिब्रू शिकविण्याची सोय केली आणि बायबलचा जुना करार मराठीत आणला. हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. समाजाने विद्या घेतली आणि हेतू बाजूस ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या शिक्षकाने हिब्रू प्रार्थना व धर्मग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास तर जुन्या करारातील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. ज्ञानोबा-तुकोबांच्या भूमीत मोझेस आणि योसेफ यांची चरित्रे वीणा-चिपळ्यांच्या साथीने सांगितली गेली. शहरात येऊन धर्म क्षीण होण्याऐवजी अधिक जाणता झाला, आणि तो जाणता झाला तो मातृभाषेतून.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शाळेची. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने माझगावात प्रसिद्ध झाली. या शाळेची वेळ अचूक होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पलटणींची जातवार पुनर्रचना होऊ लागली आणि छोट्या समाजांसाठी सैन्याचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. ज्या नोकरीच्या भरवशावर समाज मुंबईत आला होता तीच नाहीशी झाली. शाळा नसती तर त्याला कदाचित पुन्हा घाण्याची वाट धरावी लागली असती. प्रत्यक्षात सुभेदाराचा मुलगा कारकून, नातू शिक्षक वा डॉक्टर झाला. डॉ. जेरुशा झिराड कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, रिबेका रुबेन यांनी किहीमकरांच्या शाळेचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ भूषविले आणि डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. काही हजारांच्या समाजाला हे साधले ते मतांच्या संख्याबळावर नव्हे.

हे चित्र निर्दोष नव्हते. 'गोरे' आणि 'काळे' असा भेद या समाजाने स्वतः पाळला आणि मिश्र विवाहाच्या संततीला प्रार्थनागृहातही वेगळे बसविले. बगदादहून आलेल्या धनिक ज्यूंनी मग त्याच न्यायाने सर्व बेने इस्रायलांच्या शुद्धतेविषयी शंका घेतली. ज्या मापाने दुसऱ्याला मोजावे त्याच मापाने आपण मोजले जातो, याचा अनुभव पुढे आणखी एकदा यावयाचा होता.

१९५० च्या सुमारास या समाजाची भारतातील संख्या सुमारे वीस हजार होती. त्यानंतर ओहोटी लागली. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली होती, आणि इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल, कस्टम या खात्यांतील परंपरागत नोकऱ्यांची शाश्वती उरली नव्हती. भारतात या समाजाचा छळ कधीच झाला नाही, हा अभिमानाचा विषय खरा. पण छळ नसणे एवढ्यानेच माणसे थांबत नाहीत. मुलांना काम हवे असते आणि मुलींना समाजातील स्थळ. एकदा जाणारे वाढले की राहणाऱ्यांची स्थळे कमी होतात आणि जाण्याचा वेग आपोआप वाढतो. तेथे पोहोचल्यावर धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. दोन वर्षांच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा द्यावा लागला. मराठी शेजाऱ्यांनी ज्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली नव्हती, त्यांना ते आपल्या धर्मभूमीत सिद्ध करावे लागले! तरीही मराठी सुटली नाही. 'मायबोली' नावाचे नियतकालिक तेथे निघाले.

आज भारतातील सर्व ज्यूंची मिळून संख्या पाच हजारांच्या आत आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. निर्णय योग्यच, पण तो समाजाच्या भरतीच्या काळात नव्हे, ओहोटी संपता संपता आला. किहीमकरांच्या शाळेत आज बहुसंख्य मुले अन्य धर्मीयांची आहेत. संस्था उभारणारा समाज निघून गेला तरी संस्था शेजाऱ्याच्या उपयोगी पडते, हे समाजकार्याचे सर्वात मोठे यश मानावे लागेल.

या इतिहासाचा शाहूवाडीसारख्या तालुक्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. सह्याद्रीच्या उतारावरील, धो धो पावसाच्या आणि एका भातपिकाच्या या मुलखातूनही पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस गेली. गिरणगावात त्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, खानावळी होत्या, भजनी मंडळे होती. आपुलकीत ती कोठेही कमी नव्हती. परंतु सारा संसार एका धंद्यावर उभा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरणीचा दरवाजा अनेकांसाठी कायमचा बंद झाला. गावकीने खोली दिली, भाकरी दिली, गणपतीची वर्गणी जमविली. पण दुसऱ्या धंद्याकडे नेणारी शिडी तिने वेळेवर उभी केली नव्हती. दोष कामगारांचा नव्हे. महिन्याच्या मनीऑर्डरीवर गावी घर चालत असताना शिल्लक ती कोठून राहणार? पण तालुक्याच्या पुढाऱ्यांना व मुंबईत सुस्थितीत पोहोचलेल्यांना हे समर्थन लागू पडत नाही.

आजही डोंगराळ तालुक्यांतील तरुण मुंबई-पुण्यास जातात; गिरणीच्या जागी सुरक्षारक्षकाची, वाहनचालकाची, गोदामातील कंत्राटी नोकरी आली आहे. त्यांचीही मंडळे आहेत आणि गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी ती लाखोंनी निधी जमवितात. त्या श्रद्धेचा अवमान करण्याचे कारण नाही. मात्र त्या निधीचा दशांश जरी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि तंत्रशिक्षण यांकडे वळला, तरी पुढील दरवाजा बंद होईल तेव्हा मुले रिकाम्या हाताने गावी परतणार नाहीत. शनवार तेल्यांनी पलटणीचा दरवाजा पुरता बंद होण्यापूर्वी शाळा काढली होती. कंत्राटी नोकरीची मुदत तर तिच्या कागदावरच लिहिलेली असते.