पाठिंबा जाहीर, पण कुणाचा?

महाराष्ट्रात निवडणुकीचे वारे वाहू लागले की 'अमुक व्यापारी महासंघाचा तमुक उमेदवारास जाहीर पाठिंबा' अशी पत्रके निघतातच. वर चार ओळींचा मजकूर, खाली हारतुऱ्यांसकट पदाधिकाऱ्यांचा फोटो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ही पत्रके मोबाइलवरून सिंगापुरातही येऊन धडकली. त्यातल्याच एकाखाली आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारले, "मग आपल्यासारख्या मंडळांनी असा पाठिंबा द्यायला काय हरकत आहे?" गृहस्थ सज्जन, हेतूही चांगला. तेव्हा नुसते "छे, छे" म्हणून त्यांची बोळवण करणे आम्हाला बरे वाटेना. म्हणून हे चऱ्हाट.

आपल्यापैकी बहुतेक जण सिंगापूरचा इतिहास १९६५ पासून सुरू होतो असे धरून चालतात. पण आजच्या विषयासाठी त्याआधीची सतरा वर्षे फार मजेची आहेत. २० मार्च १९४८ रोजी इथे कायदेमंडळाची पहिली निवडणूक झाली. सभासद बावीस. त्यातले लोकांनी मते देऊन निवडायचे फक्त सहा. आणि तीन जागा व्यापारी मंडळांच्या : एक गोऱ्या व्यापाऱ्यांच्या सिंगापूर चेंबरची, एक चिनी चेंबरची, एक इंडियन चेंबरची. म्हणजे बघा, पाठिंब्याचे पत्रक काढायची गरजच नाही, थेट खुर्चीच! साऱ्या गावाला सहा आणि तीन चेंबरना तीन. बाकीचे सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले.

बरे, ते 'सारे गाव' तरी केवढे? मत फक्त ब्रिटिश प्रजाजनांना, आणि तेही ज्यांनी आपण होऊन यादीत नाव घातले त्यांनाच. अशी नावे भरली बावीस हजारांच्या आसपास, आणि त्यांत जवळजवळ निम्मे आपले हिंदी लोक! चिनी समाजातल्या पुष्कळांना मताचा हक्कच नव्हता, आणि ज्यांना होता त्यांतल्याही बहुतेकांनी या निवडणुकीकडे पाठ फिरवली.

१९५५ साली नवी घटना आली आणि चेंबरच्या जागा गेल्या. पंचवीस जागा थेट निवडणुकीच्या झाल्या, मतदारांची नोंद सरकारच आपण होऊन करू लागले आणि यादी एकदम तीन लाखांवर गेली. आता खुर्ची हवी तर लोकांकडे जाणे आले. चिनी चेंबरमधल्या बड्या मंडळींच्या आशीर्वादाने 'डेमोक्रॅटिक पार्टी' निघाली. तिच्या मागण्या काही वेडगळ नव्हत्या. चिनी शाळांना न्याय, कायदेमंडळात इंग्रजीखेरीज इतर भाषा, इथेच हयात घालवलेल्या चिनी लोकांना नागरिकत्व. पण लोकांनी तिला नाव ठेवले 'लक्षाधीशांचा पक्ष', आणि ते असे चिकटले की निघता निघेना. इंग्रजी शिकलेल्या सुखवस्तू लोकांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष होताच. दोघांनी एकमेकांची मते खाल्ली. निकाल लागला तेव्हा डेमोक्रॅटिकला दोन जागा, प्रोग्रेसिव्हला चार, आणि डेव्हिड मार्शल यांच्या लेबर फ्रंटला दहा. तांजोंग पगारमध्ये ली क्वान यू नावाच्या एकतीस वर्षांच्या वकिलासमोर डेमोक्रॅटिकचा जो उमेदवार होता, त्याला हजारही मते पडली नाहीत.

त्याच निवडणुकीतली एक गोष्ट मात्र आम्हाला विशेष आवडते. इंडियन चेंबरच्या जागेवर १९४८ साली बसलेले राजाबली जुमाभाई, मूळचे कच्छकडचे व्यापारी. चेंबरची जागा गेल्यावर ते घरी बसले नाहीत. १९५५ साली स्टॅमफर्ड मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. चेंबरच्या शिक्क्यावाचूनही माणूस निवडून येऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले, आणि तेही ज्या वर्षी बड्यांचा आशीर्वाद घेतलेले धडाधड पडत होते त्या वर्षी!

ही राखीव जागांची कल्पना इंग्रजांची, आणि ती मुंबईतही होती. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ जागा, त्यातल्या सात व्यापार-उद्योगाच्या, सात कामगारांच्या, दोन जमीनदारांच्या. स्वातंत्र्यानंतर 'एक माणूस, एक मत' आले आणि ते सगळे संपले. मग आपल्याकडच्या उद्योगपतींनी वेगळी वाट धरली. मत उघड द्यायचे नाही, पैसे गुपचूप द्यायचे! १९६९ साली कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली, ती १९८५ साली उठली. मधल्या काळात देणग्या थांबल्या होत्या असे मानणारा भोळा सांब आम्हाला तरी भेटलेला नाही. पुढे २०१८ साली निवडणूक रोखे आले, आणि देणाऱ्याचे नाव लोकांना कळू न देणारी ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली.

उघडपणे मैदानात उतरलेले विरळाच. नवल टाटा १९७१ साली दक्षिण मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभे राहिले, शिवसेनेचा पाठिंबा असूनही पडले. त्याच दक्षिण मुंबईत एप्रिल २०१९ मध्ये मिलिंद देवरांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत मुकेश अंबानी आणि उदय कोटक देवरांची स्तुती करतात, आणि जोडीला पानवाल्यापासून छोटे दुकानदारही. उमेदवार काँग्रेसचा, तेव्हा केवढी खळबळ! आठवडाभरात वांद्र्याच्या पंतप्रधानांच्या सभेत पुढच्या रांगेत अनंत अंबानी बसलेले दिसले. व्यापारी माणूस सगळी अंडी एका टोपलीत ठेवत नाही म्हणतात ते असे. आणि मतदारांनी? त्यांनी सुमारे एक लाखाच्या फरकाने अरविंद सावंतांना निवडून दिले. देवरा जानेवारी २०२४ मध्ये शिंद्यांच्या शिवसेनेत गेले आणि त्याच वर्षी वरळीतून विधानसभेलाही पडले. अंबानींच्या शिफारशीचे तोवर काय झाले कोण जाणे.

आमचे मत विचाराल तर, उघड पाठिंबा हा पाकिटापेक्षा शतपटीने बरा. निदान कोण कुणाच्या मागे आहे ते कळते. आमची तक्रार वेगळीच आहे. एखाद्या उद्योगपतीने आपल्या नावावर बोलावे, खुशाल बोलावे. पण 'महासंघ' बोलतो तेव्हा नेमके कोण बोलते? त्या पत्रकाखाली सह्या असतात पाच-सात जणांच्या, आणि आकडा सांगतात हजारो सभासदांचा. ते हजारो कधी जमले, त्यांना कुणी विचारले, विरोधात किती होते, यातले काही पत्रकात नसते. आम्ही इंजिनियर, आम्हाला पाच नमुने तपासून अख्खा माल पास केलेला चालत नाही.

इथलेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०११ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार चार, आणि चौघांचेही आडनाव तान! माजी उपपंतप्रधान टोनी तान यांच्यामागे कामगार संघटना उभ्या राहिल्या, चिनी व्यापारी मंडळ उभे राहिले, इतकेच काय, तान कुळाचा महासंघसुद्धा. उरलेल्या तीन तानांना काय वाटले असेल! एवढ्या सगळ्या संस्थांचे सभासद जर पत्रकाप्रमाणे वागले असते तर निकाल एकतर्फी लागायला हवा होता. प्रत्यक्षात टोनी तान यांना ३५.२० टक्के मते, तान चेंग बॉक यांना ३४.८५ टक्के. फरक ७,३८२ मतांचा. सभासद सही करणाऱ्यांना न विचारता मत देऊन आले होते, आणि त्यात त्यांचे काय चुकले?

आजही इथे व्यापाऱ्यांचा आवाज पार्लमेंटात पोचवायची एक सोय आहे. १९९० पासून नियुक्त सभासदांची पद्धत आहे, कमाल नऊ जण. व्यापार-उद्योग, कामगार, विविध व्यवसाय वगैरे गटांकडून नावे मागवतात आणि पार्लमेंटची समिती त्यांतून निवडते. कुणी तिला १९४८ चीच नवी आवृत्ती म्हणेल. पण एक फरक मोठा आहे. या सभासदांना घटनादुरुस्ती, अर्थसंकल्प किंवा अविश्वासाच्या ठरावावर मत नाही. बोला, पण सरकार पाडू नका.

आता गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे. सिंगापूरच्या निवडणुकीपुरते उत्तर सोपे आहे. प्रचाराचे काम फक्त नागरिकांनीच करायचे. देणगीही नागरिकांनी आणि सिंगापुरी मालकीच्या कंपन्यांनीच द्यायची. तसा कायदा २००० सालापासून आहे आणि आता तीच कलमे परकीय हस्तक्षेपविरोधी कायद्यात गेली आहेत. आपल्यासारख्या मंडळात नागरिक, पीआर, पासवाले असे सगळे एका पंक्तीला जेवतात, तिथे मंडळाच्या नावाने असे काही करणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

महाराष्ट्राच्या निवडणुकीचे म्हणाल, तर मंडळात सगळ्या रंगांचे लोक आहेत. कोथरूडचे आहेत, नागपूरचे आहेत, बेळगावचेही आहेत, ज्यांना महाराष्ट्रात मतच नाही. गणपतीला सगळे मिळून मोदक वळतात. कमिटी निवडली ती हॉल ठरवायला, नाटक आणायला, शाळेची फी गोळा करायला. आमच्या मताची मुखत्यारी तिला कुणी कधी दिली?

गृहस्थांना आम्ही एवढेच सुचवले की तुमचा पासपोर्ट भारतीय आहे ना, मग फॉर्म ६-अ भरा. पासपोर्टावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागते. अट एकच, मत द्यायला स्वतः जावे लागते, आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. ते म्हणाले, "अहो, पण तिकिटाचे काय?" त्यांना आम्ही म्हटले, दिवाळीला जाताच, यादीत नाव आहे का तेवढे तरी त्या खेपेला बघून या.