फुग्यांचा हिशोब

आजकाल आपल्याकडे साध्या रिपोर्टमध्येही एक तरी बबल चार्ट असतोच. मीही काढते. माझी तक्रार आहे ती फुगा किती मोठा काढायचा, याबद्दल.

मागच्या सेमला मेसचा सर्व्हे झाला. कच्च्या पोळ्यांबद्दल ६० जणांची तक्रार, पिण्याच्या पाण्याबद्दल २० जणांची. म्हणजे आकडा तिप्पट. पण नोटीस बोर्डावरच्या चार्टमध्ये पोळ्यांचा फुगा नऊपट! कारण एक्सेलमध्ये आकडा फुग्याच्या क्षेत्रफळाऐवजी (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही नुसतं एरिया म्हणायचो) रुंदीला लावला होता. रुंदी तिप्पट केली की क्षेत्रफळ नऊपट होतं, हे शाळेतलंच गणित. आणि डोळा रुंदी मोजत बसत नाही, रंगवलेला सगळा भाग बघतो. झालं, मीटिंग पोळ्यांवरच संपली. पोट बिघडून लेक्चर बुडवणारे २० जण त्या कागदावर एक ठिपका होते.

गंमत म्हणजे एक्सेल आपणहून क्षेत्रफळच धरतं, रुंदी मुद्दाम निवडावी लागते. "अगं, फरक उठून दिसतो ना!" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये युरोपातल्या देशांची वर्तुळं छापली, ती त्या देशांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. कॉम्प्युटर नसताना!

दुसरी भानगड जास्त छुपी. एक्सेल चार्टमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला सगळ्यात मोठा फुगा देतं आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात काढतं. त्यामुळे बॉईज आणि गर्ल्स होस्टेलचे वेगळे चार्ट शेजारी लावले, आणि एकीकडचा मोठा आकडा ६० नि दुसरीकडचा १५ असला, तरी ते दोन फुगे सारखेच दिसणार. म्हणून दोन्ही होस्टेल एकाच चार्टमध्ये दोन रंगांत घ्यावीत. वेगळे चार्ट हवेच असतील तर दोन्हींत १०० चा एक जादा फुगा टाकून त्याचा रंग काढून टाकायचा, मग बाकीचे सगळे त्याच मापाने येतात. मॅटप्लॉटलिबवाल्यांची यातून सुटका आहे, तिथे आपण देतो तो आकडा थेट क्षेत्रफळाचाच असतो.

खरं तर दोन-चार तक्रारींसाठी फुगे हवेतच कशाला? साधे बार काढा, शून्यापासून. फुगेच हवे असतील तर आत आकडा लिहा. आणि मेस कमिटीला विनंती, पुढच्या मीटिंगला पाण्याचा विषय पहिला घ्या.