हिंगोलींत जाण्यासारखें कांहीं नाहीं म्हणे!

आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षांत दर सोमवारीं एक ठराविक संवाद होतो. रविवार कसा गेला, असें कोणी तरी विचारतो. आणि उत्तर देणारे गृहस्थ उसासा टाकून सांगतात कीं, या गांवांत जाण्यासारखें आहे काय, म्हणून मुलांना घेऊन नांदेडास गेलों होतों. नांदेडास म्हणजे गोदावरीच्या घाटावर नव्हे, किंवा सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरांतहि नव्हे. तर यंत्रानें गार केलेल्या एका भव्य दुकानांत. तेथें मुलांनीं सरकत्या जिन्यावर चार फेऱ्या मारल्या, कागदी पेल्यांतून कांहीं गोड पेय घेतलें, खोक्यांतून आलेला एक पदार्थ अर्धा खाऊन अर्धा टाकला, आणि पेट्रोलासुद्धां अडीच हजार रुपयांचा चुराडा करून मंडळी रात्रीं परतली. एवढें सांगून झाल्यावर गृहस्थांच्या मुद्रेवर जें दिसतें त्याला आनंद म्हणावें कीं थकवा, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

हा संवाद मी गेलीं वीस वर्षें ऐकत आलों आहें, आणि त्यांतील निदान पंधरा वर्षें मीहि मान डोलवीत आलों. आतां मात्र माझा धीर सुटला आहे. हिंगोलींत जाण्यासारखें कांहीं नाहीं, हें विधान मला खोटें वाटतें; आणि त्याहून वाईट असें कीं, जो वर्ग तें करतो त्याच्याच वागणुकीमुळें तें हळूहळू खरें होऊं लागलें आहे. जेथें सुशिक्षित कुटुंबें जात नाहींत तेथें दिवा लागत नाहीं, बांक बसत नाहीं, पाण्याचा नळ येत नाहीं; आणि मग तेथें दिवा, बांक व नळ नाहीं म्हणून आम्ही जात नाहीं! या चक्रांतून बाहेर पडण्याची जबाबदारी कोणाची? चहाच्या गाड्यावाल्याची तर खास नव्हे.

प्रथम जाण्यासारखें काय आहे तें पाहूं. हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. ज्योतिर्लिंगाचा मान आमचा कीं गुजरातेंतील नागेश्वराचा, हा वाद ज्यांना घालावयाचा त्यांनीं खुशाल घालावा. परंतु त्या देवळाच्या खालच्या जुन्या भागावरील कोरीव काम पाहावयास भक्तच असावें लागतें असें नाहीं. खालचें काम जुनें यादवकालीन, वरचें शिखर मागाहूनचें, हा फरक दहा वर्षांच्या मुलालाहि दाखवितां येतो. नंदी समोर नसून मागच्या बाजूस कां, असें विचारलें कीं नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरल्याची कथा सांगावी. आणि मूल थोडें मोठें असेल, तर नामदेवांस समोरून कां उठविण्यांत आलें, हेंहि सांगावें. नामदेवांचें जन्मगांव म्हणून ज्याला मान आहे तें नर्सी तर शहरापासून वीस किलोमीटरांच्याहि आंत आहे. ज्यांचीं 61 पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत, त्या संताचें गांव पाहण्यास पंजाबांतून माणसें येतात. आमच्या कक्षांतील किती जण तेथें गेले आहेत, हें मीं एकदां विचारलें होतें. उत्तरादाखल जी शांतता पसरली ती मी येथें वर्णीत नाहीं.

शिवाय सिद्धेश्वराचें धरण आहे, वरच्या अंगास येलदरी आहे, कळमनुरीकडे गेल्यास पैनगंगेवरील इसापूरचा जलाशय आहे. शिरड शहापुरास मल्लिनाथाचें जैन मंदिर आहे. विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठीं औंढा तालुक्यांतच दुधाळा आहे. तेथें गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेस केंद्र सरकारनें 2023 सालीं मान्यता दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनांत ठेवून आकाशगंगांपलीकडील कंप मोजणारें यंत्र ज्या तालुक्यांत यावयाचें, त्या तालुक्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं असें म्हणावयास मोठेंच धाडस पाहिजे.

पैशाचें म्हणाल तर तोहि बहाणा उरलेला नाहीं. 17 मार्च 2023 पासून राज्य परिवहनाच्या गाडींत स्त्रियांना अर्धें भाडें पडतें. त्याआधीं, 2022 च्या ऑगस्टांत, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. म्हणजे आई, बायको आणि मुलगी यांना घेऊन निघालेल्या माणसाचें सहकुटुंब औंढ्याचें भाडें हें नांदेडच्या त्या एका खोक्यापेक्षां अधिक होत नाहीं. पण लाल गाडीच्या फळीवर बसणें हा आमच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसला आहे. कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली मोटार दारांत उभी असतां एस्टीनें कोण जातो?

आतां खाण्याचें. याच बाबतींत आमच्या वर्गाचें ढोंग पुरतें उघडें पडतें, आणि त्यांत मीहि सुटत नाहीं. बसस्थानकाकडे जाणाऱ्या माझ्या रोजच्या रस्त्यावर एका मुसलमान गृहस्थाचें चहाचें लहानसें दुकान आहे. पत्र्याचें छप्पर, दोन लांकडी बांकें, काचेच्या बरण्यांत बिस्किटें, आणि सकाळपासून मंद आंचेवर आटत असलेलें दूध. त्या दुधाचा वास मला सतरा वर्षें येत होता. मीं तेथें एकदांहि चहा घेतला नाहीं. कां? स्वच्छता, असें मी स्वतःस सांगत असें. खरें कारण तें नव्हतें. माझी आई सोवळ्यांतली होती. तिच्या देखत ज्या दारांत पाऊल टाकलें नसतें, त्या दारांत ती गेल्यावरहि टाकवेना. इंग्रजी वाङ्मय शिकविणारा, वर्गांत मिलचें स्वातंत्र्यावरील पुस्तक सांगणारा मी, पंधरा पावलांवरच्या बांकावर बसूं शकत नव्हतों! मागील वर्षीं एकदां पावसानें गांठलें म्हणून आडोशाला शिरलों. दुकानदारानें बांक पुसलें, चहा ठेवला आणि शांतपणें म्हणाला, "सर, आप तो रोज सामने से जाते हैं." त्यांत टोमणा नव्हता. असता तर बरें झालें असतें.

त्या बांकावर माझ्या शेजारीं तांड्यावरून बाजाराला आलेला एक बंजारा म्हातारा होता, हळदीच्या बाजारांतला एक हमाल होता, आणि गळ्यांत तुळशीची माळ घातलेला एक वारकरी होता. कोणाचा पेला कोणता, हें कोणी पाहिलें नाहीं. इंग्रजी अमदानींत आगगाडीच्या स्थानकांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी अशा हांका पडत. 1930 च्या दशकांत रत्नागिरीस सहभोजनें झालीं, पुढें तेथें अखिल हिंदूंसाठीं एक उपाहारगृहहि निघालें. तें त्या काळीं मोठेंच पाऊल होतें, तरी 'अखिल' या शब्दाची धांव 'हिंदु' या शब्दाशीं येऊन थांबली होती. हिंगोलीच्या त्या पत्र्याखालीं कोणताहि ठराव न होतां, अध्यक्षीय भाषण न होतां, ती धांव पुढें गेलेली मीं पाहिली. आणि या गोष्टीला आमच्या वर्गाचा हातभार काय? तर आम्ही तेथें नव्हतों.

हें गांव मुळांतच सरमिसळीचें आहे. निजामाच्या राज्यांत हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथें होती. 1903 सालीं ती फौज मोडून हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आली, छावणी गेली, पण नाना प्रांतींच्या माणसांच्या येण्याजाण्याची संवय बाजाराला राहिली. रेल्वेच्या स्थानकाचें नांव आजहि 'हिंगोली दख्खन' आहे. मराठी, उर्दू, मारवाडी आणि गोरमाटी या बोली एका चौकांत ऐकूं येतात. रामलीला मैदानावरील दसऱ्याचें प्रदर्शन भरतें तेव्हां तर सारा जिल्हा उंच पाळण्याखालीं लोटतो. त्या दिवसांत मात्र आमचीं कुटुंबेंहि पदर खोंचून भजीं खातात, आणि कोणाला विटाळ होत नाहीं, कीं पोट बिघडत नाहीं. वर्षांतील उरलेले साडेअकरा महिने त्याच मिरचीच्या भज्यांत असे कोणते जंतु शिरतात?

स्वच्छतेचा आक्षेप खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. पुष्कळ गाड्यांवर बादलीभर पाण्यांत दिवसभर पेले बुचकळले जातात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु त्या बादलीचा जाब बादलीवाल्याला विचारून काय उपयोग? त्याच्याजवळ नळ नाहीं. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचें संरक्षण करणारा कायदा 2014 सालीं झाला. त्यान्वयें शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. नगर विक्रेता समितींत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेतेच असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असाहि दंडक आहे. विक्रीची जागा नेमून द्यावी, तेथें सोयी पुरवाव्यात, असा त्याचा रोख. हा कायदा आमच्यांतील किती वकिलांनीं, प्राध्यापकांनीं, निवृत्त अधिकाऱ्यांनीं वाचला? रस्ता रुंद करण्यासाठीं गाडे हटवावेत, या अर्जावर मात्र त्यांच्या सह्या मीं पाहिल्या आहेत. एका अर्जावर माझीहि आहे. इंग्रजी चौथ्या-पांचव्या इयत्तेच्या वयाचीं मुलें त्या गाड्यांमागें भांडीं विसळतात, तीं तेथून शाळेंत कशीं जातील, यावर अर्ज निघालेला मला ठाऊक नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, अशा ठिकाणीं टवाळ पोरें बसतात, बायकामुलींना घेऊन जावें कसें? हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो स्त्रिया स्वतः करतात. एका तीर्थस्थळीं गेलों असतां माझ्या पत्नीला तीन तास स्वच्छतागृह सांपडलें नाहीं. जें होतें त्याच्या दाराला कडी नव्हती. परत येतांना ती एवढेंच म्हणाली कीं, बाहेर फिरावयास जाणें हा पुरुषांचा शौक आहे. मी दिवसभर शिल्पांविषयीं बोलत होतों, आणि ती सकाळपासून पाणी प्यालेली नव्हती! येथें माझ्या सगळ्या युक्तिवादाला खीळ बसते, हें मला मान्य आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष नांदेडचें गार दुकान हा नव्हे. त्या दुकानांत आमच्या कुटुंबांना काय आवडतें, याचा नीट विचार केला तर सरकत्या जिन्यापेक्षां तेथील स्वच्छतागृह, उजेड आणि बसावयास जागा हेंच निघेल. या तीन गोष्टी मिळविण्यासाठीं अडीच हजार रुपये व अर्धा दिवस खर्च करावा लागावा, आणि ज्यांच्याजवळ ते नाहींत त्या बायकांनीं घरींच बसावें, ही व्यवस्था आम्ही निमूटपणें चालूं दिली आहे.

उलट बाजूस आतां 'पर्यटनविकासा'ची भाषा बोलणारे निघाले आहेत. त्यांना धरणाच्या कांठीं विश्रामनगरी हवी, दरवाजावर तिकीट हवें, आंत कृत्रिम धबधबा हवा. हुरड्याचेंच पाहा. पौष-माघांत ज्वारीचें कणीस दाण्यांत भरलें कीं आगटी पेटवावी, कणसें भाजून हातावर चोळावीं, शेंगदाण्याची चटणी, दहीं आणि गूळ यांसह गरम दाणे फांकावेत, हा मराठवाड्याच्या शेतावरील पाहुणचार. आतां त्याचीं तिकिटें निघूं लागलीं आहेत. शेजारीं बैलगाडीची फेरी, पलीकडे कर्णा लावून गाणीं. शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे पडत असतील तर तिकिटाला माझी हरकत नाहीं. पण कित्येक ठिकाणीं शेत कोणाचें, भांडवल कोणाचें, आणि आगटीशीं बसून ज्याचे हात भाजतात तो कोणाचा गडी, याची चौकशी करावी. आणि ज्या कुटुंबाला डोईमागें चार-पांचशे रुपये परवडत नाहींत त्यानें आपल्याच जिल्ह्यांतला हुरडा कोठें खावा, हेंहि विकासवाद्यांनीं सांगावें.

स्वस्त अन्न म्हणजे गरिबांसाठींची दया, ही समजूतहि याच मुळाची. 1995 नंतर सरकारनें एका रुपयांत झुणकाभाकर देऊं केली. 26 जानेवारी 2020 रोजीं दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली, टाळेबंदींत ती पांचाला आणि पुढें कांहीं काळ फुकटहि मिळाली. पोटाच्या दृष्टीनें दोन्ही योजना उपयोगी. परंतु त्या रांगेंत डॉक्टर किंवा मामलेदार उभा राहिलेला मीं पाहिला नाहीं, आणि म्हणून त्या जागेचें स्वरूप शिध्याच्या दुकानापलीकडे गेलें नाहीं. वसमतेच्या रस्त्यावरील रसवंतीचें तसें नाहीं. चरकाला बांधलेलीं घुंगरें वाजूं लागलीं कीं मोटारवाला आणि सायकलवाला दोघेहि थांबतात, एकाच मापाचा पेला घेतात, एकच दाम देतात. तेथें कोणी कोणावर उपकार करीत नाहीं.

आमच्या नगरपालिकेपाशीं माझें मागणें फार नाहीं. कयाधूच्या कांठीं दहा बांकें, चार दिवे, गाड्यांसाठीं आंखून दिलेली जागा व तेथें दोन नळ, आणि स्त्रियांसाठीं कडी असलेलें, पाणी असलेलें, रात्रीं नऊपर्यंत उघडें असलेलें एक स्वच्छतागृह. याचा अर्ज मीं तयार केला आहे. पहिली सही चहाच्या त्या दुकानदाराची आहे, दुसरी माझ्या पत्नीची. शिक्षककक्षांतील टेबलावर तो कागद गेले तीन आठवडे पडून आहे. आजपर्यंत त्यावर दोन सह्या पडल्या. बाकीच्यांनीं रविवारनंतर पाहूं असें सांगितलें आहे.